खेळघर : कोणत्या वंशाचा घेऊ?

मागच्या अंकात भूमिका घेऊन खेळायच्या कॉम्प्युटर गेम्सबद्दल लिहिलं आणि पत्रांचा ढीग आला. निम्म्याहून जास्त पत्रं एकाच पडद्याबद्दल आहेत. खेळ सुरू होण्याआधी आपलं पात्र घडवायला लावतात ना, तो पडदा. त्यावरचा पहिलाच प्रश्न असतो, तुम्ही कोण? माणूस, टोकदार कानांचा एल्फ, बुटका ड्वॉर्फ, दांडगा ऑर्क, की आणखी कुणी? म्हणून हा सगळा अंक त्याच प्रश्नाला दिला आहे. मी दिवसा भंवरकुआंजवळ बारावीच्या मुलांना गणित शिकवते आणि रात्री घर झोपलं की खेळते. कारण न सांगता दिलेलं उत्तर मला दोन्हीकडे चालत नाही, त्यामुळे काही उत्तरं लांबली आहेत.

प्रश्न : माझी मुलगी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे. परवा जेवताना ती भावाला म्हणाली, "अरे, ऑर्क जात घेतलीस तर ताकद जास्त मिळते." सासूबाईंचा घास हातातच राहिला. त्यांनी विचारलं, "कसली जात घेताय गं? जात काय घेता येते?" मुलं हसली, पण माझ्या डोक्यातून ते जाईना. आम्ही घरात जातीचा विषय कधी काढत नाही. मग हे खेळ मुलांना पुन्हा तेच शिकवतात का?
— एक आई, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. या महिन्यातल्या सगळ्या पत्रांत नेमका प्रश्न त्यांनी विचारला आहे.

आधी शब्दाचं बोलू. इंग्रजीत याला 'रेस' म्हणत आले. आपली मुलं पटकन 'जात' म्हणतात, त्यांचे हिंदी बोलणारे मित्र 'नस्ल' म्हणतात. 'जात' इथे बसत नाही. एल्फ शेकडो वर्षं जगतो, ड्वॉर्फ डोंगराच्या पोटात शहरं बांधतो, सरड्यासारखा आर्गोनियन पाण्याखाली श्वास घेतो. ते वेगवेगळे लोक आहेत. जात म्हणजे एकाच लोकांच्या आत घातलेल्या भिंती. मी 'वंश' लिहिते. पूर्ण समाधान त्यानंही होत नाही, पण मुलीला तेवढा शब्द बदलायला सांगा. इंग्रजीतही तो शब्द टोचायला लागलाच होता. या सगळ्या खेळांचं मूळ जो 'डंजन्स अँड ड्रॅगन्स', १९७४ सालचा, तो काढणाऱ्या कंपनीनं डिसेंबर २०२२ मध्ये 'रेस' सोडत असल्याचं जाहीर केलं, आणि २०२४ च्या नियमपुस्तकात 'स्पीशीज' आलं. त्याला मराठीत 'प्रजाती' म्हणता येईल, पण ऐकल्यावर जीवशास्त्राचा धडा समोर येतो, ज्याच्याशी बोलता येईल असा कुणी येत नाही.

आता तुमचा खरा प्रश्न. 'ड्रॅगन एज : ओरिजिन्स' नावाचा खेळ २००९ च्या नोव्हेंबरात आला. मी तो पुढच्या वर्षी आरएनटी मार्गावरच्या एका दुकानातून आणला. त्यात वंश तीनच होते, माणूस, एल्फ आणि ड्वॉर्फ. पण सुरुवाती सहा होत्या. कुठल्या घरात जन्मलात त्यावरून पहिले काही तास वेगळे. मी ड्वॉर्फ निवडली, आणि पुढे विचारलं गेलं, सरदार घराण्यातली की सामान्य? मी सामान्य म्हटलं. खेळ सुरू झाला तेव्हा कळलं की सामान्य म्हणजे जातीबाहेरची.

ओर्झामार हे ड्वॉर्फांचं जमिनीखालचं शहर आहे. तिथे जात जन्मानं ठरते, मुलाला बापाची आणि मुलीला आईची. ज्यांना जात नाही त्यांच्या चेहऱ्यावर लहानपणीच डाग गोंदतात, म्हणजे रस्त्यानं चालताना कुणाला विचारावंही लागू नये. त्यांनी शस्त्र धरायचं नाही. राहायचं धूळवस्तीत. माझ्या पात्राची मोठी बहीण नटूनथटून सरदारांच्या वाड्यांकडे जाते, कारण तिला एखाद्या सरदारापासून मुलगा झाला तर त्याला बापाची जात मिळेल आणि घर धूळवस्तीतून सुटेल. जमिनीवर राहायला गेलेल्या ड्वॉर्फाची जातही जाते. समुद्र ओलांडला म्हणून वाळीत टाकलेल्यांच्या गोष्टी आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीनं ऐकल्या होत्या, मला त्याच आठवल्या.

मग तो प्रसंग येतो. आखाड्यात सामने आहेत, एक योद्धा दारू पिऊन पडला आहे, आणि त्याचं चिलखत चढवून तुम्ही त्याच्या जागी उतरता. चेहरा शिरस्त्राणात झाकलेला. एकामागून एक जिंकता. सज्जात बसलेले सगळे ओरडून दाद देत असतात. तेवढ्यात तो खरा योद्धा झोकांड्या खात आखाड्यात येतो आणि तुम्हाला शिरस्त्राण काढायला सांगितलं जातं. डाग दिसतो. काही क्षणांपूर्वी ज्यांनी टाळ्या वाजवल्या तेच लोक खवळतात, आणि तुमची रवानगी कोठडीत होते.

माझा हात माऊसवर तसाच राहिला होता. हस्तिनापूरच्या रंगमंडपात कर्ण धनुष्य घेऊन उभा राहिला तेव्हा कृपाचार्यांनी त्याला आधी कूळ विचारलं. लहानपणापासून कितीदा ऐकलेली गोष्ट, पण ऐकताना मी कायम प्रेक्षकांत बसलेली असायचे. त्या रात्री पहिल्यांदा प्रश्न मला विचारला गेला.

म्हणून तुम्हाला सांगते, हे खेळ दोन तऱ्हांनी वागतात. काही खेळ सांगतात की अमुक वंशाचा म्हणजे जन्मतःच मठ्ठ, तमुक वंशाचा म्हणजे जन्मतः चोर. तो भाग मला कधीच पटलेला नाही, आणि तुमची मुलगी त्यावर वाद घालत असेल तर तिला घालू द्या. दुसरे खेळ दाखवतात की अमुक घरात जन्मलं म्हणून लोक कसे वागले. ते मुलांनी पाहावं असं मला मनापासून वाटतं. सासूबाईंचं बरोबरच आहे, जात घेता येत नाही, ती लादली जाते. ओर्झामारच्या पहिल्या तासात मुलीला हेच भेटेल. आणि घरात विषय काढत नाही म्हणता, तर आता काढा. आजी टेबलावर आहेत, त्यांनी पाहिलेलं पुष्कळ असेल. एक सूचना मात्र देते. हा खेळ मोठ्यांसाठीचा आहे. त्यातली शहरी एल्फ मुलीची सुरुवात तिच्या लग्नाच्या दिवशी होते आणि त्यात स्त्रियांवरच्या अत्याचाराचा प्रसंग आहे. मुलगी तो भाग खेळणार असेल तर आधी तुम्ही दोघी बोलून घ्या.

प्रश्न : ताई, मी 'बाल्डर्स गेट ३' मध्ये हाफ-ऑर्क, म्हणजे अर्धा माणूस अर्धा ऑर्क, घेतला आणि त्याला जादूगार केलं. आमच्या ग्रुपमधला एक मित्र म्हणतो की मी पात्र वाया घालवलं. ऑर्क ताकदीचा, त्याला जादूगार करणं म्हणजे पहिलवानाला हिशेबाला बसवणं. दुसरा म्हणतो, सगळ्या वंशांचे आकडे सारखे करून टाकले तर वंश ठेवायचाच कशाला? रोज छप्पन दुकानांपाशी पोहे खाताना हेच भांडण. कोण बरोबर?
— बी.ई. दुसरं वर्ष, विजयनगर, इंदूर

उत्तर : तुझा पहिला मित्र 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या २०१४ च्या पुस्तकातून बोलतोय. टेबलावर फासे टाकून खेळायच्या त्या नियमांत हाफ-ऑर्कला ताकदीत दोन आणि काटकपणात एक गुण जन्मजात मिळायचा, बुद्धीत काही नाही. तू खेळतोयस तो खेळ त्याच नियमांवर बेतलेला, ऑगस्ट २०२३ मध्ये आला, बेल्जियमच्या लॅरियन स्टुडिओचा. त्यात ते दोन आणि एक गुण कुठेही टाकायची मोकळीक आहे. तुझ्या हाफ-ऑर्कच्या बुद्धीत दोन टाकलेस की तो एल्फ जादूगाराच्या बरोबरीला आला. भांडण इथेच मिटायला हवं होतं.

पण जुने नियम धरून चालू आणि मित्र म्हणतो ते नुकसान मोजू. फळ्यावर मांडल्यासारखं मांडते. सुरुवातीला मिळालेले गुण खर्चून बुद्धी जास्तीत जास्त १५ पर्यंत नेता येते. एल्फाला तिच्यावर +१ मिळाला तर १६. खेळ फाशात मिळवतो तो आकडा म्हणजे बुद्धीतून १० वजा करून निम्मे, अपूर्णांक सोडून. १५ चे होतात २, १६ चे होतात ३. फरक एकाचा. फासा वीस बाजूंचा. म्हणजे वीसदा मंत्र टाकलास तर एकदाच असं होईल की एल्फाचा लागला असता आणि तुझा चुकला. एका लढाईत जादूगार चार-पाच मंत्र टाकतो, म्हणजे चार लढायांत एकदा. एवढ्यावर कुणी पात्र वाया घालवत नाही. उलट हाफ-ऑर्कजवळ एक गोष्ट आहे ती जादूगाराला सोन्यासारखी आहे. जीव शून्यावर आला की तो पडत नाही, एका गुणावर उभा राहतो, लांब विश्रांतीपर्यंत एकदा. पहिल्या पातळीच्या, म्हणजे अगदी नवख्या, जादूगाराचा जीव केवढा, सात-आठ गुण. गॉब्लिन नावाच्या बुटक्या राक्षसाचे दोन बाण लागले की आडवा. तुझा पहिलवान पुन्हा उभा राहील आणि उरलेला मंत्र टाकेल.

दुसऱ्या मित्राचा प्रश्न जास्त चांगला आहे, आणि त्याला थोडा इतिहास सांगावा लागेल. १९७४ च्या मूळ नियमांत माणूस सोडून सगळ्यांना कुंपण होतं. ड्वॉर्फ सहाव्या पातळीच्या वर जाऊ शकत नसे. हाफलिंग नावाच्या ठेंगण्या लोकांची चौथीलाच वाट संपायची. माणसाला मात्र मर्यादा नाही. १९७८ च्या पुस्तकात तर याच्याही पुढचं होतं : स्त्रीपात्राच्या ताकदीला पुरुषापेक्षा खालची कमाल मर्यादा, प्रत्येक वंशात वेगळी, तक्त्यात छापलेली. तो तक्ता मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला संताप आला, आजही येतो. 'हे वास्तवाला धरून आहे' असं त्याचं समर्थन करायचे. ज्या जगात ड्रॅगन आग ओकतो तिथे वास्तव आठवायचं ते बाईच्या दंडाशी. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत तो नियम गेला. २००० साली तिसऱ्या आवृत्तीत वंशांची पातळीची कुंपणं गेली. २०२० मध्ये जन्मजात गुण हलवायची मुभा आली, २०२४ मध्ये ते गुण वंशाकडून काढून पात्राच्या पूर्वायुष्याला जोडले, म्हणजे तो शेतकरी होता की सैनिक की लेखनिक. प्रत्येक वेळी जुने खेळाडू म्हणाले की आता यात राम उरला नाही. खेळ मात्र पन्नाशी ओलांडून चालू आहे.

तरी तुझ्या मित्राचं म्हणणं मी सोडून देणार नाही. आकडे सारखे केले आणि दुसरं काहीच दिलं नाही, तर ऑर्क म्हणजे हिरवा रंग लावलेला माणूस उरतो. मला तोही नको. माझं म्हणणं असं आहे की शरीराची ठेवण वेगळी असू द्या, बुद्धीचा कोटा ठरवू नका, आणि सगळ्यात महत्त्वाचं, जगाला तुमचा वंश दिसू द्या. २००२ च्या 'मॉरोविंड' या खेळात मांजराच्या तोंडाचे खाजीत आणि आर्गोनियन यांना बूट घालता यायचे नाहीत, कारण त्यांच्या पायांची ठेवणच वेगळी, आणि तोंड झाकणारं शिरस्त्राणही बसायचं नाही. गैरसोय होती, पण ती खरी वाटायची. आणि तुझ्याच खेळात ड्राऊ, म्हणजे जमिनीखालचा एल्फ, घेऊन गॉब्लिनांच्या पहाऱ्यापाशी जाऊन बघ. ज्या वाटेवर बाकीच्यांना फासा टाकावा लागतो किंवा तलवार काढावी लागते, तिथे ते ड्राऊला पाहून नरमतात, कारण त्यांच्या छावणीत एक ड्राऊ सरदारीण हुकूम चालवते. मग त्याच ड्राऊला घेऊन भल्या माणसांत जा आणि त्यांच्या नजरा बघ. हा फरक कुठल्याही +२ मध्ये नाही.

पोहे खाताना दुसऱ्या मित्राला एवढं दाखव. पहिल्याला फाशाचं गणित दाखव.

प्रश्न : 'स्कायरिम' पहिल्यांदाच खेळतोय. दहा वंशांतला कोणता घेऊ?
— सुदामानगर

उत्तर : ब्रेटन नावाचा माणसांतलाच वंश घे, जादूचा मारा जन्मतः पंचवीस टक्के कमी लागतो आणि पहिल्या खेळात तेवढा आधार पुरतो. पण माझं मन विचारशील तर ऑर्क. ऑर्कांच्या गढ्यांत इतरांना आधी त्यांचं एक काम करून 'रक्ताचा' व्हावं लागतं, तुला मात्र थेट आत घेतील. डोंगरात भटकून थकल्यावर कुणीतरी आपलं म्हणून दार उघडलं, की फार बरं वाटतं.

प्रश्न : मी मूळचा इंदूरचा, नोकरीसाठी सहा वर्षं पुण्यात. आम्ही शनिवारी टेबलावर 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळतो. माझं पात्र कायम हाफ-एल्फ, म्हणजे अर्धा माणूस अर्धा एल्फ. आता २०२४ चं पुस्तक आणलं तर त्यात हाफ-एल्फ नाहीच. मित्र म्हणतात, एल्फ घे नाहीतर माणूस घे, काय फरक पडतो? मला फरक पडतो, पण का ते सांगता येत नाही.
— वाचक, पुणे

उत्तर : मला वाटतं मी सांगू शकेन.

१९९९ साली मी एमएस्सीसाठी पुण्यात राहायला गेले. पहिल्याच आठवड्यात घरमालकीणबाईंनी खालून हाक मारली तेव्हा मी म्हटलं, "हो, येऊन राहिले आहे!" त्या जिन्यात थांबल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही नक्की मराठीच ना?" आमचं घराणं होळकरांच्या काळात इंदूरला आलं. घरात गौरी बसतात, गणपतीत नाटकं होतात, आजीच्या ओव्या मला अजून पाठ आहेत. त्या एका क्रियापदानं मी मराठीतून बाहेर पडले. सुट्टीत इंदूरला परत आले की भाजीवाला मला विचारायचा, "आप लोग तो महाराष्ट्र के हो ना?" या शहरात आमच्या किती पिढ्या झाल्या, ते त्याला कोण सांगणार.

त्यामुळे हाफ-एल्फ माझाही फार जवळचा आहे. जंगलातले एल्फ त्याला माणसांचा म्हणतात, गावातली माणसं एल्फांचा. जुन्या नियमांत त्याला गोड बोलण्याचे दोन गुण जास्त मिळायचे आणि दोन कौशल्यं फुकट. दोन घरांत सांभाळून बोलावं लागणाऱ्याला ती येतातच, हे लिहिणाऱ्यानं बरोबर ओळखलं होतं. 'बाल्डर्स गेट ३' मध्ये तो अजून आहे, तीन प्रकारचा, आणि एल्फ आणि माणूस यांच्याबरोबर तो सगळ्यात जास्त निवडला जातो. आपल्यासारखे खूप आहेत.

'ड्रॅगन एज'च्या जगात याचं उत्तर वेगळं दिलं आहे. तिथे एल्फ आणि माणूस यांचं मूल दिसायला माणूसच होतं. कान गोल. आई एल्फ असेल तर तिची बाजू चेहऱ्यावरून पुसलेली, आणि आई कोण ते त्यानं सांगितल्याशिवाय कुणाला कळत नाही. त्यातल्या दुःखाची जात निराळी, पण ती कुणीतरी विचार करून लिहिलेली आहे.

२०२४ च्या पुस्तकात दहा वंश आहेत. ऑर्क आत आला, गोलायथ नावाचा धिप्पाड वंश आला, हाफ-एल्फ आणि हाफ-ऑर्क गेले. 'हाफ' हा शब्द जावा असं मलाही वाटत होतं. कुणीच अर्धा नसतो, मी पुण्यात अर्धी नव्हते आणि इंदूरलाही नाही. पण शब्द बदलून त्याला स्वतःचं नाव द्यायचं होतं. त्याची नोंदच काढली आणि वर 'कुठलाही एक निवड' म्हटलं, ही चूक झाली असं माझं स्पष्ट मत आहे. जिन्यात मला विचारलं गेलेलं तेच होतं, एक काहीतरी निवड.

तू काय करावंस? जुन्या पुस्तकातला हाफ-एल्फ नव्या नियमांबरोबर वापरायला आडकाठी नाही. टेबल चालवणाऱ्याला सरळ सांग की मला तोच हवा आहे. आणि पात्राला त्याच्या दोन्ही भाषा येऊ देत, दोन्हींत त्याचे उच्चार थोडे वेगळे असू देत. माझ्या पात्राचे तसेच असतात.

प्रश्न : मी प्रत्येक खेळात माणूसच घेतो. मित्र म्हणतात, ड्रॅगनसारखं तोंड असलेलं पात्र घ्यायची सोय असताना माणूस घेणं म्हणजे कल्पनाशक्ती नाही. खरं आहे का?
— लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : नाही. २०२० मध्ये 'बाल्डर्स गेट ३' अर्धवट तयार असताना खेळायला दिला होता. तेव्हा लोकांनी सगळ्यात जास्त निवडलेल्या गोष्टी जोडून कंपनीनं एक चेहरा काढला, तो अगदी साधा, गोरा माणूस निघाला, आणि त्यांनी खेळाडूंना चिडवलं. मला ते आवडलं नव्हतं. अनोळखी जगात शिरताना स्वतःचाच चेहरा बरोबर न्यावासा वाटतो, त्यात कमीपणा कसला. 'ड्रॅगन एज'च्या २०११ च्या दुसऱ्या भागात माणूस सोडून पर्यायच नव्हता, तरी त्यातलं कुटुंब मला अजून आठवतं. आणि व्यवहाराचं सांगायचं तर 'बाल्डर्स गेट ३' मध्ये माणसाला ढाल वापरता येते, जादूगार असला तरी. अंधारात मात्र त्याला दिसत नाही, मशाल बरोबर ठेवा.

प्रश्न : माझं वय ६४. नोकरीतली बरीच वर्षं तपासणी नाक्यावर गेली. निवृत्त झाल्यावर मुलाच्या जुन्या कॉम्प्युटरवर 'स्कायरिम' खेळू लागलो. मी खाजीत घेतला आहे, तो मांजराच्या तोंडाचा. व्हाइटरन शहराच्या वेशीबाहेर खाजीत व्यापाऱ्यांचे तंबू आहेत. ते म्हणतात, आम्हाला शहरात घेत नाहीत, चोर समजतात. पण मी वेशीवर गेलो तर शिपायानं मला सोडलं. मीही खाजीतच आहे. माझं काही चुकतंय का?
— स्नेहलतागंज, इंदूर

उत्तर : काका, तुमचं काही चुकलेलं नाही. चूक त्यांची आहे, आणि ती तुम्हाला दिसली याचा मला फार आनंद झाला. हा खेळ ११ नोव्हेंबर २०११ ला आला तेव्हापासून मला हीच गोष्ट खटकते आहे.

त्या वेशीवर शिपाई पहिल्यांदा सगळ्यांनाच अडवतो. ड्रॅगन दिसल्यामुळे शहर बंद आहे म्हणतो, तुम्ही रिव्हरवुड गावासाठी मदत मागायला आलोय म्हणालात की सोडतो. माणसाला तेच वाक्य, एल्फाला तेच, खाजीतालाही तेच. जगाचा इतिहास लिहिणाऱ्यानं नियम केला की खाजीताला शहरात प्रवेश नाही, आणि वेशीचा शिपाई लिहिणाऱ्यापर्यंत तो नियम पोचलाच नाही. उत्तरेला विंडहेल्म शहरातही असंच आहे. तिथे आर्गोनियनांना तटबंदीच्या आत राहू देत नाहीत, ते धक्क्यावर हमाली करतात आणि तिथेच राहतात. तुम्ही आर्गोनियन होऊन गेलात तर सरळ आत जाल. रानातले दरोडेखोर मात्र तुमचा वंश ओळखतात बरं का, मांजरा, तुझ्या कातड्याची बैठक करतो म्हणून अंगावर येतात. तेवढ्यापुरतं ते जग डोळे उघडतं.

आकडे वाढवून मिळतात की नाही यावर लोक रात्र रात्र भांडतात. मला वाटतं भांडायचं असेल तर तुमच्या या वेशीवरून भांडावं. तुम्हाला अडवलं असतं, लाच मागितली असती, एखाद्या व्यापाऱ्यानं तुमची हमी घेतली असती, रात्री भिंतीखालून आत शिरावं लागलं असतं, तर खाजीत असणं म्हणजे काय ते तुम्हाला पहिल्याच तासात कळलं असतं. अंधारात दिसणारे त्याचे डोळेही तेव्हाच कामाला आले असते.

मी दुसऱ्यांदा खेळले तेव्हा खाजीत घेतला आणि स्वतःच एक नियम केला. मुख्य कथेसाठी जिथे जावंच लागतं, तेवढं सोडून शहरांत पाऊल टाकायचं नाही. खरेदी-विक्री तंबूंवर, मुक्काम वेस नसलेल्या खेड्यांत. रिसाद नावाचा म्हातारा व्यापारी व्हाइटरन आणि मार्कार्थच्या मध्ये ये-जा करतो. तो तंबूपुढे सतरंजीवर बसलेला असतो. मी त्याच्या शेजारी थांबायचे, आणि मागे भिंतीवरून शहरातली उजेड असलेली छपरं दिसायची. पहिल्या खेपेला मी त्याच छपरांखाली घर विकत घेतलं होतं.

काका, तुम्ही नाक्यावर वर्षं काढलीत. माणूस समोर आला की पहिला प्रश्न काय विचारतात, कागद मागतात की आधी तोंडाकडे बघतात, हे तुमच्याइतकं त्या खेळ लिहिणाऱ्यांना माहीत नव्हतं. त्या शिपायानं तुमच्या खाजीताला काय विचारायला हवं होतं, ते मला लिहून पाठवाल का? चार ओळी पुरे. पुढच्या अंकात छापते.